धुनीची राख आणि धनेशचे गाल

तलासरीला हायवेलगतच्या बंद ढाब्यात दर रविवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. धुनीपुढे भस्मबाबा हात नाचवून गरजायचा, "डॉक्टर सोय मारे, हुं फूंक मारुं! आ राख नथी, अमृत छे!" म्हणजे डॉक्टर सुई टोचतो, मी फुंकर मारतो; ही राख नाही, अमृत आहे. मग फुंकायचा आणि स्वतःच्याच राखेने खोकायचा. तरी लोक हात जोडून बसलेले.

त्या रविवारी त्याने धनेशला उभं केलं. "बघा, मेलेला उठवला!"

धनेशला लिम्फोमा होता, गाठींचा कॅन्सर. तो मेंदूभोवतीच्या आवरणात उतरला, तसं डोकं फुटायला लागलं, प्यायलेलं पाणी उलटून पडायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून औषध सोडायला सुरुवात केली, सोबत गोळ्या दिल्या. पण कण्यात सुई गेली की माणूस लुळा पडतो, हे पाड्यावर सगळ्यांना पाठ. दोन इंजेक्शनं झाली आणि आई हिराबाईने त्याला इथे आणलं. गोळ्यांची पिशवी खुंटीवरच राहिली. राखेच्या पुड्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी धनेश चक्क भाकर मागून जेवला.

"गाल बघा पोराचं, महिन्याभरात कसं भरलंत!" हिराबाई सगळ्यांना सांगत होती.

जयवंती, धनेशची थोरली बहीण, गालांकडेच बघत होती. ती अंगणवाडीत पोरांची वजनं करायची. सूज म्हणजे बाळसं नव्हे, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. गाल गरगरीत, दंड मात्र काटकीसारखे. तिने गर्दीवर नजर फिरवली. दम्याचा भिका, गुडघ्यांची जमना, दोघांचेही गाल तस्सेच. रोग निरनिराळे, राख एक, चेहरे एक!

ती ढाब्यामागे गेली. तिथे खलबत्ता होता, आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. एक पाकीट घेऊन तिने घर गाठलं. खुंटीवरच्या पिशवीतल्या पाकिटावर तेच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ती धनेशला घेऊन मुंबईला गेली. तोवर त्याची एक पापणी मिटली होती, तोंड वाकडं झालं होतं.

"स्टेरॉइड आहे," तिने दाखवलेलं पाकीट बघून डॉक्टर म्हणाले. "सूज उतरते, भूक लागते, हा कॅन्सरही थोडे दिवस दबतो. पण नुसत्या गोळीने जात नाही; तो मेंदूभोवती पसरत राहिला, म्हणून तोंड वाकडं झालं. इंजेक्शनं चुकायला नको होती."

"आता?"

"सुरू करू. दुखणं हलकं होईल. बरा होईल, असं खोटं सांगणार नाही."

पुढच्या रविवारी जयवंतीने धुनीसमोर ढाब्यामागची पाकिटं ओतली आणि राखेत याच गोळ्या कुटून घातल्याचं सगळ्यांना सांगितलं. बाबा मागच्या दाराने पसार झाला. भिका मात्र चिडला. "पण आमाला गुण आला ना!"

"गुण गोळीचा, भिकाकाका. ती एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवा. आणि यापुढे पुडी देणाऱ्याला आधी विचारा, आत काय आहे. सांगत नसेल तर तोंडात घालू नका."

हिराबाई तिच्याजवळ आली. "म्हंजे पोरगा जेवला, तो या गोळीनं?"

"हो, आय."

"ती तर माझ्याच खुंटीला होती," हिराबाई म्हणाली.