चौकोनी टिंब आणि गोल भाकर

मी एक जुना फॉन्ट आहे. म्हणजे अक्षरांचा साचा. माझं वय सहा वर्षं. संगणकात एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात.

मित्रांनो, मला घडवणाऱ्यानं हातातली पट्टी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. त्यामुळे माझ्या अंगात गोलाई नाही. माझा 'ठ' चौकोनी आहे आणि वेलांटी सुरीसारखी. अंतराळयानावर नाव लिहायलाच मी जन्मलो, असं त्याचं मत होतं. परंड्याहून अजून एकही यान सुटलेलं नाही.

मी परंड्यातल्या सोमेशच्या फ्लेक्सच्या दुकानात आलो. सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. वाढदिवस, कबड्डी, व्यायामशाळा, सगळीकडे मीच. एकदा त्यानं मला बारशाला लावलं. पाळण्यातलं बाळ लढाईला निघाल्यासारखं दिसत होतं.

मग गजराबाई आल्या. वीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करून त्यांनी बसस्थानकाजवळ खानावळ काढली होती. ती चालली नाही, तर पुन्हा परक्या चुलीपुढं बसणं आलं.

"मावशी, अशी पाटी करतो की कुर्डुवाडीची गाडी थांबंल," सोमेश म्हणाला.

"गाडी नगं. माणसं थांबू दी."

काळ्या फ्लेक्सवर मी चंदेरी रंगात 'गजराबाईंची खानावळ' असा उभा राहिलो. कडेच्या ठिणग्या सोमेशनं फुकट दिल्या.

पहिल्या दिवशी नऊ माणसं आली. सर्वांत आधी बलभीम नावाचे शेतकरी, नांगराचा मोडका फाळ घेऊन.

"बाई, ह्याला जोड मारून द्या."

"इथं जेवाण मिळतं."

"व्हय, पर वेल्डिंग कवा करता? जेवल्यावर?"

पाठोपाठ मोटारसायकलचा स्टँड आला, जीपचं दार आलं. पाटी कुणी वाचलीच नव्हती. नऊही जणांनी लांबून बघूनच हे वेल्डिंगचं दुकान ठरवलं होतं. बलभीम तेवढे जेवून गेले. टोपलंभर भाकरी उरल्या.

गजराबाईंनी मला उतरवलं, गुंडाळलं आणि सोमेशपुढं टाकलं.

"सोमेश, भाकर कशी असती रं?"

"गोल."

"मग ह्यात गोल काय हाय, दाखीव."

सोमेशनं बराच वेळ शोधलं. शेवटी त्याला अनुस्वाराचं टिंब सापडलं. तेही चौकोनी निघालं.

दुसऱ्या दिवशी गोल, साध्या अक्षरांची पाटी लागली. आठवडाभरात खानावळीत बसायला जागा मिळेना. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून कल्याणप्पांनी ती नऊही गिऱ्हाइकं मोजली होती. त्यांनी मला स्वतःच्या नव्या पाटीसाठी मागून घेतलं. आता दिवसभर माझ्याखाली खऱ्या ठिणग्या उडतात आणि दुपारी कल्याणप्पा समोर जेवायला जातात.

मित्रांनो, अक्षरांनाही स्वभाव असतो. आम्हाला कुठंही लावण्याआधी, त्या पाटीवर कुणाचं पोट आहे ते विचारा. काम संपलं तरी आम्हाला कुठंही टाकू नका. माझा तो खानावळीचा जुना फ्लेक्स बलभीमांनी कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला. तिथं मी डोकं खाली, पाय वर असा पडून आहे. तरी मागच्या सोमवारी एक जण मोडका कुळव घेऊन गंजीपाशी उभा होता आणि मालकाला हाका मारत होता.