जावयाच्या हाताचं यश

जावयाच्या हाताला यश असतंच, ही श्रद्धा आपल्याकडे वेदांच्याही आधीची असावी. म्हणूनच मनिषने सातव्यांदा बटण दाबलं, तेव्हा अड्याळच्या त्या ओसरीवर बसलेल्या चौदा शेतकऱ्यांनी श्वास रोखला. कॉम्प्युटरच्या डब्यातला नवाकोरा पंखा भिरभिरला, निळा दिवा लागला, आणि पडदा पालथ्या तव्यासारखा काळाच राहिला.

"पंखा तं फिरून राहिला," सगळ्यात पुढे बसलेला श्रावण म्हणाला. "कूलरच बसवला नं? मंग पानी भरा लागत असंन."

"त्याला पाणी लागत नाही, काका," मनिष पुण्याच्या मराठीत म्हणाला. तो मूळचा याच जिल्ह्यातल्या दिघोरीचा.

मनिषच्या सासऱ्याचं, टेकचंदचं, या ओसरीवरचं ऑनलाइन सेंटर सकाळपर्यंत बरं चाललं होतं. कॉम्प्युटर तापून तासातासाला बंद पडायचा, एवढंच. दिवाळीला आलेल्या जावयाच्या ते नजरेस पडलं, आणि त्याने भंडाऱ्याहून कूलर आणून स्वहस्ते बसवला. आज सरकारी खरेदीसाठी धानाच्या नोंदणीची शेवटची तारीख. पाचला साइट बंद होणार होती आणि आता साडेबारा झाले होते.

खुर्चीमागे उभ्या असलेल्या टेकचंदला बिघाड केव्हाच दिसला होता. हात आत जावा म्हणून मनिषने प्रोसेसरला वीज देणारी वायर काढून बाजूला सारली होती. तिचं पांढरं टोक अजून तसंच लोंबत होतं. पण टेकचंदने तोंड उघडलं रे उघडलं, की स्वयंपाकघराच्या दारातून रुपा बापाकडे बघायची. मागच्या दिवाळीला त्याने जावयाला गाडीची किक कशी मारायची ते चारचौघांत शिकवलं होतं. त्यानंतर लेक वर्षभर माहेरी आली नव्हती. लग्नाआधी हे सेंटर तीच चालवायची.

टेकचंद खोकला. मग त्या लोंबत्या टोकाकडे बघून पुन्हा खोकला.

"मामाजी, इथे धूळ आहे," मनिष म्हणाला. "तुम्ही बाहेर बसा." आणि त्याने रॅम काढून खोडरबराने घासायला घेतली. तिसऱ्यांदा.

"जवाईबापू, वडे थंडे होऊन राहिले!" आतून सासूबाईंची, सुलोचनाबाईंची हाक आली. "कॉम्प्युटर काई पळून नाही जात."

रॅम जागेवर बसवून मनिष हात धुवायला गेला, तशी माणसंही पाय मोकळे करायला अंगणात उतरली. टेकचंदचा चेहरा उजळला. दोन मिनिटांचं तर काम. तो डब्यापाशी वाकणार तोच बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तुमी काय करून राहिले जी? जवाई एकटे जेवतीन का?"

टेकचंद मुकाट्याने जावयाशेजारी पाटावर जाऊन बसला. जावई उठेपर्यंत सासऱ्याने उठायचं नसतं. लाखोरीच्या डाळीचे वडे ताटात पडत राहिले आणि तो "घ्या नं, आनखी एक घ्या" म्हणत राहिला, घड्याळाकडे बघत, न्यायला आलेल्या यमाला थोपवावं तशा सुरात. चौथ्या वड्यानंतर तळण थांबलं. कढई काही वेळ नुसतीच चुरचुरली. मग रुपाने पुन्हा वडे सोडले.

सव्वा वाजता ओसरी पुन्हा भरली, मनिषने ढेकर दिला आणि आठव्यांदा बटण दाबलं.

बारीकशी बीप झाली. पडदा उजळला. ओसरीवर टाळ्या पडल्या.

"रॅमच होती," मनिष म्हणाला. "घासल्यावर जरा वेळ द्यावा लागतो."

"हाताले यश आहे जी!" श्रावणने निकाल दिला.

टेकचंद वाकला. वायर आपल्या जागी घट्ट बसली होती, आणि तिच्या पांढऱ्या टोकावर वाटलेल्या डाळीचं पिवळं बोट उमटलं होतं. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने ते हलकेच पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं. दारात रुपा नखांतली डाळ काढत उभी होती.

"थांबला का खोकला, बाबा?"

"थांबला, बाई."

साडेचारपर्यंत चौदाही नोंदण्या झाल्या. माणसं घरोघर गेली. मनिष मात्र ओसरीच्या कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"मामाजी, स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय?"

त्याची अजून चार दिवस सुट्टी होती.