सीटखालची झडप

मामा म्हणजे साइटवरचा पोकलेनचा बादशहा. तीस वर्षं त्याच सीटवर बसून त्याने डोंगर खाल्ले आणि सगळ्यांची डोकीही खाल्ली. अशा माणसाने भाचीला पोकलेन शिकवायला घेतलं, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. भाची तर हरखूनच गेली. वर्षभर तिने मशीनला ग्रीस मारलं, काचा पुसल्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून खोदकाम शिकली. डाव्या दांड्याने बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, वर-खाली करायचा. उजव्याने पुढचा छोटा हात लांबवायचा. झोपेतही जमेल इतकं ते तिच्या अंगवळणी पडलं.

"सगळ्या मशीनी अशाच असतात ना, मामा?"

"अशाच गं."

परीक्षा पास झाली की परवाना, आणि परवाना आला की ऑपरेटरची नोकरी. नाहीतर पुन्हा वर्षभर ग्रीस मारत बसा.

परीक्षेच्या मैदानावर दुसरीच पोकलेन होती. भाची ऐटीत चढली. बूम उचलायला तिने डावा दांडा ओढला, तर बूम ढिम्म, छोटा हातच आत आला. तो बाहेर घालवायला तिने घाईघाईने उजवा दांडा पुढे ढकलला. बूम धाडकन खाली आला आणि समोरचा खुणेचा खांब आडवा झाला. संपलं की हो सगळं!

परीक्षक भला माणूस होता. "हातात सफाई आहे तुझ्या, पण दांडे उलटे चालवतेस. काही मशीनींत तसं असतं. सीटखाली एक झडप असते, ती फिरवली की दांड्यांची कामं बदलतात. दोन मिनिटांचं काम. परीक्षा याच पद्धतीने होते, हे तर प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक असतं. उस्तादाने सांगितलं नाही?"

परतताना बसमध्ये ती मनाला समजावत राहिली, विसरला असेल बिचारा. वय झालंय.

मामा मशीनवर काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"मामा, ती सीटखालची झडप तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"मग?"

"साहेब म्हणाले, भाची पास झाली की या मशीनवर तिला बसवू, तुम्ही गोदाम सांभाळा. गोदाम! मी?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला संताप आला.

"मग शिकवणार नाही म्हणायचं होतं तोंडावर! रडले असते, गप्प बसले असते. पण रोज पाठीवर थाप मारून शाब्बास म्हणत होतात. सख्ख्या भाचीला! ते कशाला, मामा?"

मामा खाली उतरला. त्याने फडक्याला हात पुसले.

"ते खोटं नव्हतं गं," तो म्हणाला. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. नसता, तर फिरवली असती मी झडप."