खिडकीबाहेरचा हात

“अहो, क्रीम लावलंत का?”

“आभाळ भरलंय, अगं. ऊन कुठंय?”

बारा महिने हेच. उन्हाळ्यात, “घामानं निघून जातं, उपयोग काय?” थंडीत, “कोवळं ऊन आहे, बरं वाटतं.” पावसाळ्यात तर यांच्या मते सूर्य रजेवरच जातो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला विचारा.

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. शिकणारा उजवीकडे, हे डावीकडे, आणि यांचा डावा हात कायम खिडकीबाहेर. मागच्यांनी हॉर्न वाजवले की पंजा हलवायचा, थांबा जरा, शिकतोय. उन्हानं तो हात जुन्या तव्यासारखा झाला होता, आणि उजवा मात्र लग्नातल्यासारखाच गोरा. मी कापडी बाह्या शिवून दिल्या, तर यांनी त्या बाह्यांनीच गाडीच्या काचा पुसल्या! माझं डोकंच फिरलं.

मग त्याच डाव्या हाताच्या करंगळीवर एक खपली धरली. पडली, पुन्हा धरली. “दारात चेमटलं असेल,” हे म्हणायचे. वर्ष त्यातच गेलं. शेवटी मी ओढत दवाखान्यात नेलं. तुकडा तपासला, तो कॅन्सर निघाला, आणि करंगळी काढावी लागली.

“बाकीचा हात वाचलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता ढग असोत नाहीतर थंडी, रोज जपायचा.”

इतकी वर्षं मी ओरडत होते ते खरं ठरलं. असं खरं ठरणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पट्टी बदलायला जायचं, तर गाडी कोण चालवणार? जन्मभर गावाला शिकवलं, बायकोचा नंबर आता लागला. पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

“क्लच सावकाश सोड.”

“ओरडू नका हो!”

“मी कुठं ओरडतोय? तूच ओरडतेयस.”

यांनी काच खाली केली आणि पट्टी बांधलेला हात बाहेर काढला.

“आत घ्या तो हात! क्रीम तरी...”

“लावलंय,” हे म्हणाले. “चारही बोटांना.”

आभाळ भरलेलं होतं. मी आज विचारलंसुद्धा नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि समोरचा रस्ता दिसेना. बाहेर तो पंजा हलत होता, थांबा जरा, शिकतेय.

मागचे हॉर्न थांबले. मी पुन्हा किल्ली फिरवली.