भिंत नसलेल्या गोदामाचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. अलीगडच्या कारागिरानं मला घडवलं आणि सेलूच्या एका व्यापाऱ्यानं मला आपल्या कापसाच्या गोदामाला लावलं. तेव्हा आत कापूस होता आणि चारी बाजूंना भिंती होत्या. ते माझे वैभवाचे दिवस.

१९८३ साली मागची भिंत पडली. कापूस दुसरीकडे हलवला. मला मात्र कोणी हलवलं नाही आणि राखणदार पंडितलाही नाही. त्यानं मला सकाळी उघडायचं, संध्याकाळी लावायचं. शेळ्या मागून आपल्या सोयीनं येत-जात.

पंडित सरळ माणूस. दर आठवड्याला तो मुनीम दिनकररावांना सांगे, "मुनीमजी, मागली भिंत न्हाई."

"भिंत गवंड्याचं काम. तू कुलपाचं बघ."

एकदा पंडित खिशात किल्ली शोधेपर्यंत दिनकरराव मागूनच आत गेले. आतून दार ढकलून म्हणाले, "शाबास. मजबूत हाय." मी फुगणार होतो, पण पंडितचं तोंड पाहून गप्प राहिलो.

तीन वर्षं अशीच गेली. मग एक दिवस दिनकररावांना आत लेंड्या दिसल्या.

"शेळ्या आत कशा आल्या?"

"मागून."

"उद्या दाराला दुसरं कुलूप लाव."

दुपारी पंडितची बायको पंचफुला भाकरी घेऊन आली. पंडित पायरीवर बसला होता.

"सोडावं म्हनतो."

"दुसरीकडं काम लागलंय?"

"न्हाई."

"दोन लेकरं हायती, ठावं हाय नव्हं?"

"म्हनून तर तीन वर्सं बसलो."

पंचफुलेनं भाकरी त्याच्यापुढं ठेवली. "सोडा," ती म्हणाली. "तुमी झोपंत बी दार वढायलाव. परवा कडी निखळली घरची. माझी निंदणीची मजुरी हाय दिवाळीपत्तर. पुढचं पुढं बघू."

पितळ असूनही मला भरून आलं.

पंडितनं मला तेल दिलं, पुसलं आणि किल्ली दिनकररावांच्या हातावर ठेवली.

"उद्यापासून काय करनार?"

"ठरलं न्हाई."

इतक्या शांतपणे हे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आता माझ्या शेजारी नवं कुलूप आहे. आत काय आहे, असं ते मोठ्या अभिमानानं विचारतं. मी विषय बदलतो.

मित्रांनो, कुलपाला वर्षातून एकदा तरी तेल द्या. आणि भिंत पडली असं राखणदार म्हणाला, तर उठून मागे जाऊन बघा.

पंडितची खबर शेळ्यांकडून कळते. तो पंचफुलेबरोबर निंदायला जातो. पिकाच्या ओळींची एक पात निंदून झाली की थांबतो, मागं वळून बघतो. तण गेलेलं असतं, पीक दिसत असतं. मग तो दुसरी पात धरतो.