अकरावं मिनिट

धरणगावहून अकबरीभाभींचं पत्र आलं ते दिवाळीच्या आधी. आता चैत्र संपत आला तरी अभिमन नानांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. जन्मभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस. आलेल्या कागदावर तारीख टाकायची आणि चार दिवसांच्या आत उत्तर धाडायचं, ही हाडात मुरलेली सवय. याही पत्राच्या कोपऱ्यात त्यांनी तारीख टाकली होती. पुढे हात चालला नव्हता.

पत्र जेमतेम पानभर. भाभी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या, अक्षर टपोरं. “नाना, हे गेल्यापासून घरात त्यांचा आवाज कुठेच राहिला नाही. माझा फोन बिघडला, त्यात होतं ते सगळं गेलं. अरशद म्हणतो, त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून अब्बांनी तुम्हाला पुस्तक बांधायचं काहीतरी करून पाठवलं होतं. ते तुमच्यापाशी असेल तर पाठवाल का? बाकी मला काही नको.”

होतं. नानांपाशी ते होतं, आणि तीच तर अडचण होती.

जळगावच्या वाचनालयात नाना ग्रंथपाल असताना भाभींचे यजमान हारुनभाई पुस्तकं बांधायला यायचे. धरणगावहून सकाळच्या गाडीनं, एका हातात खळीचा डबा आणि दुसऱ्या हातात दाभण-दोऱ्याची पिशवी. दोघंही कमी बोलणारे, म्हणून जमलं. निवृत्तीनंतर नाना धुळ्याला मोठ्या बहिणीकडे, यशोदाअक्कांकडे राहायला आले. मागच्या वर्षी त्यांच्या जुन्या शब्दकोशाची पाठ सुटली, तेव्हा त्यांनी हारुनभाईंना विचारलं, ही घरी कशी बसवू? हारुनभाईंनी मुलाच्या दुकानात कॅमेऱ्यासमोर बसून चौदा मिनिटांचा निरोपच पाठवला. कापड कसं कापायचं, पाठीवर खळ कशी फिरवायची, सगळं हातानं करून दाखवलेलं. आणि दहा मिनिटं होत आली असताना, कापडावरची नजर न काढता, ते म्हणाले होते,

“नाना, एक सांगतो, पण अकबरीला यातलं कळू देऊ नका. तीन दिवस झाले, छातीत दाबल्यासारखं होतंय. डावा हात तर असा जड झालाय की दाभण धरवत नाही. मंतशाचं लग्न बारा दिवसांवर आलंय. पोरीचं तेवढं पार पडू द्या, मग दाखवतो डॉक्टरला.”

नाना त्या संध्याकाळी दोन तास फोन हातात घेऊन बसले होते. काय बोलावं? आपण कोण सांगणारे? हारुनभाईंनी विश्वासानं सांगितलं, तो मोडायचा का? शेवटी त्यांनी उलट निरोप टाइप केला, “पाठ उत्तम कळली. खळ किती पातळ ठेवू?”

आठव्या दिवशी हारुनभाई गेले. लग्न पुढं ढकललं गेलं. नाना मातीला जाऊन आले, पण भाभींच्या दारापर्यंत गेले नाहीत. पुरुषांच्या गर्दीत मागे उभे राहिले आणि मिळेल त्या एसटीनं परतले.

भाभींना हा निरोप पाठवायचा म्हणजे, तुमचा माणूस दुखतंय म्हणून सांगत होता आणि मी खळीची चौकशी करत होतो, हे आपल्या हातानं त्यांच्यासमोर ठेवायचं. नानांनी पत्र कपाटात ठेवलं, आणि दर महिन्याला त्या कपाटाची धास्ती वाढत गेली.

एप्रिलच्या मध्यावर, ज्या प्रोग्रॅमवर हा निरोप आला होता त्यात, वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी दिसू लागली. तीस तारखेला सेवा बंद होणार, त्यानंतर जुने निरोप दिसणार नाहीत. निरोप तिथं पाहता यायचा, पण उतरवून घ्यायची सोय नव्हती. आता गप्प बसलं तर हारुनभाईंचा आवाज कायमचा जाणार होता. त्याहून नानांना भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पट्टी वाचताना क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं.

त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ललितला फोन लावला.

“ललितभाऊ, पडद्यावर दिसतं आणि ऐकू येतं ते तसंच्या तसं उतरवून घ्यायचं असेल तर?”

“स्क्रीन रेकॉर्डर टाका की नाना. फुकटात ढिगानं मिळतात. काय उतरवताय? पिक्चर?”

“एक निरोप आहे. जुना.”

“अरे वा! आमचे निरोप कोणी दोन दिवस ठेवत नाही.” ललित हसला. “तुमचं मशीन म्हातारं आहे, त्यात आयता रेकॉर्डर येत नाही. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा. मोठ्ठं हिरवं बटण दिसलं की ते आपलं नाही, असं समजा. येऊ का मी? पाच मिनिटांचं काम.”

“नको, नको,” नाना घाईघाईनं म्हणाले. ललित आला असता तर त्यानं ते ऐकलं असतं.

दुपारी अक्का आडवी झाल्यावर ते बसले. शोधलं तर याद्याच याद्या. फुकट, सर्वोत्तम, एकदम सोपं. एका पानावर चार हिरवी बटणं होती. नानांनी त्यातलं सगळ्यात लहान दाबलं, आणि तेही आपलं नव्हतं. पडदा लालभडक झाला. आतून एक बाई इंग्रजीत ओरडू लागली, कर्कश भोंगा वाजू लागला. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. नानांना माउसचा बाण दिसेना. ते टेबलाखाली वाकले आणि त्यांनी भिंतीतून वायर उपटली.

अक्का दारात उभी होती. “काय व्हयनं रे? मशीननी चावा लिधा का तुले?”

“काही नाही, अक्का.”

“मंग असा पांढराफटक का दिसस?”

नाना खुर्चीत बसून राहिले. आपल्या हातून हारुनभाई दुसऱ्यांदा गेले, एवढंच डोक्यात फिरत होतं. अर्ध्या तासानं त्यांनी देवाचं नाव घेऊन वायर लावली. मशीन कण्हत सुरू झालं. निरोप जागेवर होता. खळीचा डबा, हारुनभाईंची पांढरी टोपी, सगळं जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाई केली नाही. वाचनालयातली पुस्तकांच्या नोंदीची कोरी तालिकापत्रं त्यांच्याकडे उरलेली होती. पुस्तक घेताना जसं प्रकाशक, आवृत्ती, पानं पाहायची, तसंच त्यांनी एकेका रेकॉर्डरचं पत्र केलं. करणारा कोण, पत्ता देतो का, ईमेल मागतो का, चित्रावर आपला शिक्का उमटवतो का. ज्याचा प्रकाशकच सापडेना, त्याच्यावर काट मारली. दोन दिवस वाचून दोन पत्रं उरली. एकावर लाल ठिपक्याची खूण, वापरायला सोपा. दुसरा खूप जणांनी मिळून केलेला, सगळ्यांना खुला, कसलंच बंधन नसलेला, पण त्याच्या पडद्यावर इतके रकाने की पाहूनच दडपण यावं.

नानांनी सोपा घेतला. पहिल्यांदा उतरवलं ते मुकंच निघालं. हारुनभाईंचे ओठ हलत होते, हात चालत होते, आवाज नव्हता. नाना पडद्याकडे पाहत राहिले. असंच पाठवलं तर? दिसतील तरी. पण भाभींनी आवाज मागितला होता. एक चौकोन टिचकवायचा राहिला होता, तो त्यांनी टिचकवला.

मग त्यांनी बारीक अक्षरातली ओळ वाचली. फुकट आवृत्तीत एका वेळी दहाच मिनिटं.

नाना पाठीमागे टेकले. दहा मिनिटं. छातीचं बोलणं अकराव्या मिनिटातलं. म्हणजे त्यांनी काहीच कापायचं नव्हतं, काहीच लपवायचं नव्हतं. भाभी, फुकटातलं होतं, एवढंच आलं. अगदी खोटंही नव्हतं ते. उरलेलं दुसऱ्या खेपेला उतरवता आलं असतं, पण तो विचार त्यांनी बाजूला सारला. खुल्या रेकॉर्डरचं पत्र त्यांनी उलटं करून ठेवलं. कोणी पाहत नसताना आपण हे केलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. तरीही त्यांनी रेकॉर्ड चालू केलं, आणि संपल्यावर ते नीट आलंय का म्हणून लावून पाहिलं.

अक्का चहा घेऊन आली ती ऐकतच थांबली. “हाऊ हारुन शे का रे?”

“हो. ऐक तू. पाठ बसवायला शिकवतोय.”

दोघं ऐकत बसले. कापड कापून झालं, खळ फिरवून झाली. अक्का मध्येच हसली, “बोलनं पहा याचं, जसा काही नवरीले मेंदी लावस.” मग हारुनभाईंनी हात थांबवला. मान खाली. “नाना, एक सांगतो, पण अकबरीला यातलं...”

पडदा काळा झाला.

अक्कानं बशी खाली ठेवली. “पुढे?”

“संपलं. दहाच मिनिटं येतं.”

“संपनं कसं? त्यानं बायकोनं नाव लिधं ना आते. काय कळू देवानं नही तिले?”

नानांनी उगाच माउस हलवला.

“हाई तिलेच धाडस का तू?” अक्काचा आवाज चढला. “पागल व्हयना का रे? ती बिचारी दुसरी बाई शे का, कर्ज शे का, बठ्ठं मनमा आणी. रोज रातले हाईच ऐकी आणि रोज नवीन काही समजी. मी ऱ्हातू तं तुन्हं घर गाठतू. पुढलं सांगल्याबिगर सोडतू नही तुले.”

इतक्या दिवसांत नानांनी फक्त आपलंच तोंड लपवलं होतं. भाभी ते अर्धं वाक्य घेऊन बसतील, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. नऊ मिनिटांवर आपणच थांबवावं, हाही विचार आला. पण मग कापणारा रेकॉर्डर नव्हे, आपण.

“अक्का, मला माहीत होतं,” ते म्हणाले. “त्याच्या छातीत दुखत होतं. त्यानं मला सांगितलं होतं. मी कुणालाच बोललो नाही.”

अक्कानं बशी उचलून त्यांच्यापुढं सरकवली. तिनं तू चुकला नाहीस असं म्हटलं नाही. “च्या पी ले,” म्हणाली, आणि आत गेली.

खुल्या रेकॉर्डरचं उलटं ठेवलेलं तालिकापत्र त्यांनी सुलटं केलं. खुला रेकॉर्डर उतरवायला दीड तास, समजायला दोन दिवस. अठ्ठावीस तारखेला सकाळी त्यांनी चौदा मिनिटं सलग रेकॉर्ड केली. तपासताना अकराव्या मिनिटाला हारुनभाईंच्या आवाजापाठोपाठ आणखी एक आवाज आला, थकलेला, घोगरा. “डॉक्टरकडे जा हो. आत्ता जा.” नानांना आधी कळेना कोण ते. मग कळलं. त्यांच्या मशीनचा माइक चालू राहिला होता, आणि रेकॉर्ड होत असताना नाना स्वतःच बोलले होते. ते तीनदा ऐकलं त्यांनी. मग पुसलं, माइक बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवलं. वर्षानं उशिरा बोललेलं ते वाक्य भाभींच्या कानावर घालायचा त्यांना हक्क नव्हता.

पेनड्राइव्हसोबत त्यांनी पत्र लिहिलं. सहा कागद फाडल्यावर सातवा राहिला.

“अकबरीभाभी, उत्तराला सहा महिने लागले, कारण मी भित्रा आहे. सोबत हारुनभाईंची चौदा मिनिटं आहेत, पूर्ण. अकराव्या मिनिटाला त्यांनी दुखण्याचं सांगितलंय. ऐकताना मंतशाला जवळ बसवा. ते मी त्याच संध्याकाळी ऐकलं होतं. तुम्हाला कळवलं नाही, त्यांनाही दवाखान्यात जा म्हणालो नाही. त्यांनी नको म्हटलं होतं म्हणून नव्हे. मला बोलायचा धीर झाला नाही म्हणून. तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे. अभिमन.”

टपाल कचेरीत उन्हामुळं गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट चाचपलं. “आत काय आहे, काका?”

“पेनड्राइव्ह. आणि पत्र.”

“धरणगाव. परवा मिळेल. मोबाइल नंबर घाला, पोचल्याचा मेसेज येईल.”

परवा. नंबर घालायला परत आलेलं पाकीट अजून काचेच्या अलीकडे होतं, दोन बोटांनी मागं ओढता आलं असतं. बाईंनी वर पाहिलं, “पाठवायचं ना?”

“हो,” नाना म्हणाले, पण आवाज फुटला नाही. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, “हो, पाठवा.”

बाईंनी पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.