लेथची पलीकडची बाजू

वायरमनने मोटरच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला, ओठांत धरला आणि आत टॉर्च मारला. मग स्क्रू तोंडात तसाच ठेवून तो काहीतरी पुटपुटला.

“काय?” ठकीने विचारले.

त्याने स्क्रू तळहातावर घेतला. “ताई, ही मोटर आधी कुणी उघडली होती का हो?”

“छे. बाबा हात लावू देतात होय मोटरला? मी वरवर भुसा झटकते तेवढंच.”

बाबा न्हाव्याकडे गेले होते. दोनच गल्ल्या, पण काठी टेकत, उजवा पाय ओढत जायचे म्हणजे तास-दीड तास कुठे गेला नव्हता. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले. पाय पुष्कळसा परत आला. उजवा हात मात्र दुसऱ्या कुणाचा आणून खांद्याला टांगल्यासारखा राहिला. लाकूड कातणारे कातारी म्हणून ज्यांचे नाव होते ते बाबा आता पाठीमागच्या खुर्चीत बसून होते, आणि लेथपुढे उभी होती ठकी.

ठकी हे तिचे लहानपणीचे नाव. बाबांनी तिच्यासाठी लाकडाची ठकी, म्हणजे बाहुली, कातली होती. बाहुली कधीच हरवली, नाव चिकटले ते चिकटलेच. आता ती एकेचाळीस वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून आली, आणि तेव्हापासून ही दहा बाय बाराची खोली, कानशींच्या मुठी, पडद्याच्या दांड्यांची टोके आणि पाठीमागून येणारा तो आवाज.

“पटाशी दबतेय.”

“लाकूड ओरडतंय, ऐकू येत नाही?”

बाबांना बघावेही लागत नसे. नुसत्या आवाजावरून चूक काढत. गळ्यातले लोढणे म्हणावे तर सख्खा बाप, आणि न म्हणावे तर मान अवघडायची ती अवघडतेच.

सुतारकामाच्या एका शाळेने तिला पुन्हा बोलावले होते. कातकाम शिकवायचे, राहायला खोली. गाव मात्र दूर. एक तारखेला हजर व्हायचे होते, आणि एक तारखेला नऊ दिवस उरले होते. बाबांना तिने अवाक्षर सांगितले नव्हते. त्याऐवजी, आपण गेल्यावर बाबांना एकट्याने कातता यावे म्हणून, तिने डोके चालवले. लेथ भिंतीपासून माणूस उभा राहील इतका पुढे होता. अलीकडून डाव्या हाताचे कोपर मोटरला अडते; बाबा पलीकडच्या बाजूला उभे राहिले तर पटाशीची मूठ डाव्या हातात येईल आणि उजव्याचे नुसते वजन पटाशी टेकवायच्या टेकूवर ठेवता येईल. अडचण एकच. त्या बाजूने लाकूड खालून वर येते आणि पटाशी उडवून लावते. ते वरून खाली यायला हवे, म्हणजे मोटर उलटी फिरायला हवी. बाबांना तिने सांगितले होते की उलटे फिरवून पॉलिश पेपर मारला की लाकडाचे रोम बसतात. “चाळीस वर्षं त्यावाचून माझं काही अडलं नाही,” एवढे म्हणून त्यांनी तोंड फिरवले होते.

“बघा तुम्हीच,” वायरमन म्हणाला. “उलट फिरवायचं तर आतलं एक वायंडिंग वेगळं करून त्याच्या वायरी बाहेर घ्याव्या लागतात. दोन तासांचं काम. इथे चारही वायरी सोडवून, नंबर टाकून ठेवल्यात. मी आपला आयत्या बिळावर नागोबा!”

“कंपनीतूनच आली असेल तशी.”

“कंपनी असली टेप मारते का? ही गुंडाळलीय उलट्या अंगाने. डावखुरा असणार गडी. आणि कापलेली नाही, दातांनी तोडलीय. दुसरा हात कुठे होता कोण जाणे!” तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

ठकी हसली नाही. तिने टॉर्च हातात घेतला आणि बराच वेळ टेपच्या त्या कुरतडलेल्या टोकाकडे पाहत राहिली.

“आणखी एक,” नवा स्विच लेथच्या पायाला बसवताना वायरमन म्हणाला. “हा चक आट्यांवर बसतो. उलटं फिरवलं की सुटून सरळ छातीवर येईल. त्याला आडवा स्क्रू मारून घ्या.” मग त्याने लाकूड पकडणाऱ्या त्या चकवर बोट फिरवले. “अरे, तोही मारलेलाच आहे.”

तो स्क्रू ठकी रोज पाहत होती. कधीतरी केलेली दुरुस्ती, असेच ती समजून होती.

वायरमन जाता जाता दोनदा बजावून गेला, “पूर्ण थांबल्याशिवाय बाजू बदलायची नाही हं, ताई.” बाबा आले तेव्हा त्यांच्या कानामागे साबणाचा फेस तसाच होता. त्यांनी स्विचकडे पाहिले. सुलट, बंद, उलट.

“बसवलंस शेवटी.”

“पॉलिशसाठी,” ठकी म्हणाली. पुढचे सगळे तिने घोकून ठेवले होते. कुठे उभे राहायचे, हात कसा ठेवायचा, भ्यायचे नाही. पण ते बोलायची वेळच आली नाही. बाबांनी काठी भिंतीला लावली, लेथला धरत धरत ते मागे गेले आणि पलीकडच्या बाजूला पाय रोवून उभे राहिले.

“टेकू इकडे घे. गोल पटाशी दे.”

तिने दिली. त्यांनी डाव्या हाताने मूठ कमरेशी दाबली, उजवा हात उचलून एखादी वस्तू ठेवावी तसा टेकूवर ठेवला आणि मानेने खूण केली. ठकीने स्विच उलट फिरवला. लाकडातून एक लांब, अखंड साल निघाली आणि बाबांच्या मनगटावरून खाली लोंबू लागली. पहिल्या खेपेला अशी साल कुणाच्याच हातून निघत नाही.

तिने लेथ बंद केला.

“कधीपासून येतंय तुम्हाला हे?”

बाबांनी मनगटावरची साल काढली. “तू यायच्या आधी दोन-तीन महिने झाले असतील. तो जुना स्विच मी नंतर काढून टाकला.”

“मला म्हणालात, माझ्याच्यानं होत नाही आता, तू धर.”

“हो.”

“का?”

बाबा लाकडाशी बोलावे तसे बोलले. “आलीस तेव्हा तीन आठवडे त्या उंबऱ्यावर बसून होतीस. जेव म्हटलं की जेवायचीस, ऊठ म्हटलं की उठायचीस. तोंडातून शब्द नाही. मी पटाशी दिली तेव्हा विचारलंस, कशी धरू. म्हटलं, चला, बोलली पोर.” त्यांनी साल खाली टाकली. “महिना-दोन महिने म्हणूनच केलं होतं. मग तुझा हात बसला. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?”

“चार वर्षं त्या खुर्चीत बसून राहिलात?”

“बसलो.”

ठकीला वाटले होते की आपल्याला राग येईल. तो आलाही, पण कुणावर काढावा ते कळेना.

“गेल्या वर्षी एका शाळेनं बोलावलं होतं मला,” ती म्हणाली. “शिकवायला. मी नाही म्हणून कळवलं.”

“का?”

तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. बाबांनी तिच्याकडे पाहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. आजवर ते तिच्या पाठीमागे असत. आज दोघांच्या मध्ये फक्त ते लाकूड होते.

“मला बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. ठकीने लेथवरचा भुसा हाताने लोटला.

“पुन्हा बोलावलंय,” ठकी म्हणाली. “एक तारखेला.”

बाबांनी मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने मूठ पुन्हा कमरेशी नेली, उजवा हात टेकूवर नीट केला. त्याला वेळ लागला. ठकी मदतीला पुढे झाली तशी त्यांनी कोपराने तिला थोपवले आणि स्वतःच वाकून स्विच फिरवला.

“उजेड अडतोय माझा,” ते आवाजाच्या वर बोलले. “सरक जरा.”

ठकी एक पाऊल सरकली, मग आणखी एक, आणि उंबऱ्याबाहेर गल्लीत आली. दुपारचे तीन वाजले असतील. या वेळी गल्ली कशी दिसते ते तिला आठवतही नव्हते. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.

“काय ठकीताई, आज सुट्टी?”

भुशाने माखलेले हात तिने पदराला पुसले, मग पुन्हा एकदा पुसले, आणि डावीकडे जावे की उजवीकडे हे न कळून ती तिथेच उभी राहिली.